शेवटचा फर्मा

"शेवट माझ्याकडे राहू द्या, परत आलात की घेऊन जा," असं ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली आणि मला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. मला वाटेत वाचायला काढलेल्या पुस्तकाचा कणा तिनं माझ्यादेखत उकलला. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा शेवटचा जुडगा, दोऱ्यातून सोडवला, त्याला पातळ कागदाचं वेष्टन घातलं आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. उरलेलं पुस्तक पुन्हा शिवून माझ्या हातात दिलं. मी दूरच्या शहरात, आजारी भावाकडे निघालो होतो. तिथं जे व्हायचं होतं ते झालं. परतीच्या गाडीत मला घराची ओढ नव्हती. पण त्या कादंबरीतल्या दीपगृहावरच्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं, हे कळायला हवं होतं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी आधी तिच्या दुकानात गेलो. तिनं फर्मा काढून दिला आणि स्टूल पुढं सरकवलं. भावाचं विचारलं नाही. चेहऱ्यावरून तिला कळलं असावं.

सगळे तिला मावशी म्हणत. बस स्थानकामागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामध्ये तिची बाइंडिंगची खोली होती. आत चिकटवायच्या खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि मधोमध लोखंडी शिकंजा. त्यात दाबून ठेवलेली पुस्तकं दमलेल्या माणसांसारखी गप्प पडून असत. पोट भरायचं ते कचेऱ्यांच्या फायली आणि शाळांची रजिस्टरं शिवून. प्रवाशांची पुस्तकं हा तिचा नाद. रद्दीवाला पोतं आणायचा, ती त्यातून निवडायची, फाटलेलं सांधायची. निघणारा माणूस आला की त्याला कुठं चाललात हे ती विचारतच नसे, ते तो आपणहून सांगे. तिचे प्रश्न वेगळेच. खिडकीची जागा मिळालीय का? सोबत कोण आहे? उतरल्यावर न्यायला कोणी येणार आहे का? एवढ्यावर ती आत जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे.

तिची काही मतं ठाम होती. जिथं चाललो तिथलंच पुस्तक नेऊ नये, ते तिथं दिसणारच आहे. इस्पितळात जाणाऱ्याला असं पुस्तक द्यावं ज्यात कोणी खोकतसुद्धा नाही. आणि ज्याला न्यायला कोणीच येणार नाही, त्याला भरपूर माणसांचं, भांडकुदळ कुटुंबाचं पुस्तक द्यावं. म्हणजे उतरल्यावरची शांतता खायला उठत नाही. एकदा एका बाईनं विचारलं, मुळात कुठं जावंसंच वाटत नाही, त्यावर काही आहे का? मावशीनं तिला जुना नकाशांचा संच दिला, समुद्राची पानं काढून. महिन्याभरानं ती बाई समुद्रापर्यंत जाऊन आली आणि आपली पानं मागायला हजर झाली.

चुकाही होत. फिरतीवरच्या एका औषधविक्रेत्याच्या पुस्तकातून तिनं घाईत शेवटचा सोडून मधलाच फर्मा काढला होता. तो परत आला तो तणतणत. म्हणाला, मावशी, या पानावर ज्याला पुरला तो पुढच्या पानावर चहा पितोय. मावशीनं शांतपणे मधला फर्मा त्याच्यापुढं ठेवला.

"तरी आलातच ना परत?"

कोणी म्हणे, दुसरी प्रत मिळवून शेवट वाचून टाकेन. ती म्हणे, खुशाल वाचा, पण तुमचा शेवट इथंच पडून राहील, तुमची वाट बघत. बहुतेक लोक येत. फळीवर काही फर्मे मात्र वर्षानुवर्षं होते. त्यांच्यावरची धूळ ती नेमानं झटकायची. टाकून का देत नाही, असं विचारलं तर म्हणायची, माणूस मेल्याचं कळल्याशिवाय त्याचं ताट कोणी उचलतं का?

हे सगळं कुठून सुरू झालं ते गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण आपली तान्ही मुलगी हिच्या मांडीवर ठेवून, चार दिवसांत येते म्हणून गेली होती. वाटेत वाचायला मावशीनंच तिला एक कादंबरी दिली होती, अख्खी. बहीण आली नाही. कुठंतरी संसार मांडून राहिली, असं पुढं कानावर आलं. मावशी शहाणी बाई होती. पुस्तकाची पानं माणसाला ओढून आणत नाहीत, हे तिला आमच्याहून चांगलं कळत होतं. पण त्यानंतर तिनं कोणाला अख्खं पुस्तक दिलं नाही, आणि कोणाला निरोप द्यायला स्थानकावरही गेली नाही.

ती मुलगी म्हणजे भिंगरी. सतत फिरत असायची म्हणून पडलेलं नाव. पुठ्ठ्यांच्या ढिगात वाढली, परिचारिकेचं शिक्षण घेतलं, आणि समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली. करार काही वर्षांचा, पण गेलेली पोरं तिकडेच राहतात, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. झेरॉक्सवाल्यानं तरीही बोलून दाखवलंच. मावशी म्हणाली, "तुझं मशीन बघ, कागद अडकलाय."

भिंगरी निघायच्या दिवशी मी दुकानातच होतो. माझा शब्दकोश शिवायला टाकला होता. मावशीनं भिंगरीसाठी निवडलेलं पुस्तक मला ओळखीचं होतं. नदीच्या मुखापासून उगमापर्यंत पायी गेलेल्या एका माणसाची ती जाडजूड हकिकत. मी कितीदा मागितली होती. दर वेळी ती म्हणायची, हे माझ्या प्रवासासाठी आहे. तिचा प्रवास कुठला, हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. आता ते पुस्तक टेबलावर होतं आणि उगमाचा फर्मा काढून बाजूला ठेवलेला.

भिंगरी आली. तिनं पुस्तक उचललं, मागून चाळलं आणि हसली.

"मलाही अर्धंच?"

"अर्धं कुठं? थोडंसंच काढलंय."

"मावशी, मी आईसारखी नाही."

मावशीनं भोकं पाडायचा टोचा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"येईन तेव्हा तुझ्यासाठी येईन," भिंगरी म्हणाली. "पानांसाठी आले तर तुला बरं वाटेल का?"

मग मावशीनं तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि दोरा ओवला. जुन्या भोकांतूनच तिनं सुई घातली, नवं एकही भोक पाडलं नाही. असं सावकाश शिवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक टाका घालून ती दोरा ताणायची, बोटानं चाचपायची, आणि पुढच्या टाक्याआधी क्षणभर थांबायची. त्या थांबण्यात काय होतं ते तिचं तिला माहीत. कण्याला खळ लावली, पुस्तक शिकंज्यात घातलं, चाक फिरवलं.

"ओलं आहे," ती म्हणाली. "वाळल्याशिवाय नेलंस तर वाटेत सुटेल."

वाळायला वेळ लागणार होता. भिंगरीला सामान चढवायचं होतं. ती मावशीच्या गळ्यात पडली, मला म्हणाली, काका, हिला जेवली का म्हणून विचारत जा. पुस्तक पाठवून दे, म्हणाली, आणि बॅगा ओढत गेली. दारातून स्थानकाचं छप्पर दिसत होतं. मावशीनं त्या बाजूला पाठ केली आणि माझा शब्दकोश पुढं ओढला. एक पान चिकटवलं, ते उलटं बसलं. दुसरंही उलटं.

स्थानकावरून गाड्यांची घोषणा ऐकू येऊ लागली. मावशी उठली. शिकंज्याचं चाक तिनं उलट फिरवलं, पुस्तक काढलं, कण्यावर बोट टेकवून पाहिलं. खळ अजून बोटाला लागत होती. तिनं फळीवरून जाड दोरा घेतला, पुस्तक चारी बाजूंनी आवळून बांधलं. तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. ते उद्या पहाडात निघणार होते, वाचायला काही हवं होतं.

तिनं खळीचा हात पदराला पुसला, पुस्तक छातीशी धरलं आणि त्यांच्या बाजूनं वाट काढत स्थानकाच्या दिशेनं बाहेर पडली.