माझी कोकम बिअर उघडू नका

नागावला आज घरी केलेल्या बिअरच्या बाटल्यांच्या अदलाबदलीला आलेल्या सगळ्यांनो, आधी हे वाचा.

निलेशदादाच्या हातात फुटली ती मी घरी केलेली कोकम बिअर होती. झाकणाला हात लावताच बार उडाला, काच गालात घुसली, शर्ट रक्तानं भिजला. सहा टाके पडले. तरी दवाखान्यात तोच मला म्हणाला, "रडतेस काय गं? झकास होती, गालानं चाखली!"

तुम्ही म्हणालात, उन्हानं फुटली. नाही. बाटल्या भरताना फेसासाठी साखर घातली की नाही याची खात्री वाटेना, म्हणून मी काही बाटल्यांत पुन्हा घातली. दुप्पट साखरेनं आत गॅस कोंडला. चूक लगेच सांगायची, हे आईनं शिकवलंय.

तशा आणखी दोन बाटल्या कोणीतरी नेल्यात. हात लावू नका, मुलांना दूर ठेवा. कोणाकडे आहेत?