नानांचं जांभळं आभाळ

सोमवारी सकाळी मी धुळ्याच्या बसस्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत उभी होते. आदल्या दिवशी भाच्याचा साखरपुडा झाला होता. पिशवीत आईनं बांधून दिलेले लाडू होते, त्यातले चार नानांसाठी वेगळे गुंडाळलेले. तेवढ्यात नानांच्या सुनेचा फोन आला. "मॅडम, पप्पा गेले... पहाटे झोपेतच." मी तिला म्हटलं, "अगं, शनिवारी तर बोलले माझ्याशी!" जसं काही शनिवारी बोललेला माणूस सोमवारी जाऊच शकत नाही. पुढे बसमध्ये कुठे बसले, कोण शेजारी होतं, काही आठवत नाही. लाडवांची पुडी मात्र जळगावपर्यंत मांडीवर धरून होते.

याला आता दीड महिना झाला. नाना म्हणजे आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, मूळचे सावद्याचे, केळीवाल्या घरातले. मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत, "काय गं धुळेवाली" म्हणायचे, अन् मी चिडले की आणखी खूश व्हायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, यांनी स्थितांबरातले एरोसोल धरले. विमानं उडतात त्याच्याही वर हवेत तरंगणारे बारीक कण. "आयुष्यभर दुसऱ्यांचे शोध शिकवले," म्हणाले, "एक तरी शोधनिबंध स्वतःच्या नावाचा असू दे." मला हसू आलं होतं. पण त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून दर रविवारी जळगावातच, मेहरूणला त्यांच्या घरी माझी हजेरी सुरू झाली.

कुठल्या उपग्रहाची मापं घ्यायची यावर आम्ही महिनाभर भांडलो. एक उपग्रह रोज भरपूर मापं देतो, पण विखुरलेल्या उजेडावरून कणांचा अंदाज बांधतो. दुसरा सूर्य उगवताना आणि मावळताना, पृथ्वीच्या कडेच्या हवेतून थेट सूर्याकडे बघतो. त्याची मापं आपल्या भागावर मोजकीच येतात, पण भरवशाची. मला भरपूर हवी होती. नाना म्हणाले, "थोडी असू दे, पण डोळ्यानं बघितल्यासारखी असू दे." अखेर त्यांचंच झालं. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय!

पावसाळ्यात आपल्याकडे ढग फार उंच चढतात, ते मापांत मिसळतात. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला. माप ठरावीक आकड्याच्या पुढे गेलं की तो ढग समजायचा आणि टाकून द्यायचं. आलेख असा गुळगुळीत आला की मीच खूश. मी नानांना माझ्या धुळ्याच्या बोलीत सांगितलं, "बठ्ठा कचरा काढी टाका, नाना!" म्हणजे सगळा कचरा काढून टाकला. ते हसले नाहीत. चष्मा पुसत विचारलं, "टाकलेलं कुठे ठेवलंस?"

त्यांच्या वडिलांची एक रीत त्यांनी मला तेव्हाच सांगितली. सावद्याला केळी कापली की व्यापाऱ्याची माणसं चांगले घड ट्रकमध्ये भरायची, डाग पडलेल्या फण्या बांधावर फेकायची. ट्रक गेला, पैसे हातात आले, की बाकीचे घरी जायचे. वडील मात्र बांधावर बसून एकेक फेकलेली फणी उलटीपालटी करून बघायचे. बागेला काय झालंय ते त्यांना तिथे कळायचं. "ट्रकमधून गेलेल्या चांगल्या मालात काय बघणार?" नाना म्हणाले. मी म्हटलं, "नाना, ही केळी नाहीत, डेटा आहे." किती शहाणी मी!

त्याच सुमारास, हिवाळ्यात, लांबच्या समुद्रात एक ज्वालामुखी फुटल्याची बातमी आली होती. नाना रोज संध्याकाळी मेहरूण तलावाच्या काठावर जाऊन बसायचे. सूर्य बुडाला की लोक उठतात, हे तेव्हा खरे बसायचे, अर्धा तास. आणि खिशातल्या लहान वहीत लिहायचे, 'नेहमीचं' किंवा 'जांभळं'. एका रविवारी ते मला म्हणाले, "आभाळ आठवडाभर जांभळं होतंय. इतक्या वर कण असल्याशिवाय असा रंग येत नाही. मग तुझ्या आलेखात काहीच कसं नाही? टाकलेलं बघ एकदा." मला राग आला. म्हणजे माझा प्रोग्रॅम चुकला? "डोळ्यांनी विज्ञान होत नाही, नाना. निबंध पाठवून द्या आता." त्यांनी वही खिशात ठेवली. पण निबंध पाठवला नाही. त्या शनिवारी त्यांचा फोन आला, "उद्या बघतेस ना?" मी म्हटलं, "उद्या साखरपुडा आहे. पुढच्या रविवारी नक्की."

पुढचा रविवार आला तेव्हा त्यांच्या खोलीत फोटोला हार होता.

तेराव्यानंतर मी घरी बसून टाकलेली मापं उघडली. दहा मिनिटांचं काम होतं... फक्त दहा मिनिटांचं. ढग पोचतच नाहीत इतक्या उंचीवर, कोरड्या हिवाळ्यात, मापामागून माप माझ्या आकड्याच्या पुढे गेलेलं. ते ढग नव्हते. ज्वालामुखीचेच कण होते, इतके दाट की माझ्या प्रोग्रॅमला ते ढग वाटले. नानांना जे हवं होतं ते सगळं तिथे होतं, आणि ते मीच वेचून बाहेर फेकलं होतं. मी खूप रडले. माणूस गेल्याचं दुःख एक असतं, पण तो बरोबर होता हे त्याला सांगता येत नाही याचं दुःख मला अजून सोसत नाही.

मागच्या आठवड्यात सूनबाईंनी बोलावलं. टेबलावर चष्म्याचं घर, आणि ती वही. मी मापांच्या तारखा घेऊन गेले होते, एकेक जुळवत बसले. जिथे मी टाकलं, तिथे नानांचं 'जांभळं'. अशा चार तारखा हुबेहूब जुळल्या. सूनबाई चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला. निबंध आता मी नव्यानं लिहितेय, नाव त्यांचंच पहिलं राहील.

शेवटच्या पानावर त्या रविवारची, जाण्याच्या आदल्या संध्याकाळची नोंद आहे. अक्षर नेहमीसारखं टपोरं, घाई नाही, रुसवा नाही. 'जांभळं. धुळेवाली पुढच्या रविवारी बघणार.' मी पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'बघितलं, नाना.' मग सूनबाईंना विचारून वही घरी आणली. हल्ली संध्याकाळी तलावावर मी जाते, सूर्य बुडाल्यावर अर्धा तास बसते, आणि दिसेल तो रंग तिच्यातच लिहिते.