डिझेलच्या वासाचा चहा

आमच्या सोनगीरचे सुकदेव नाना सैन्यात स्वयंपाकी होते, हे गावाला ठाऊक होतं. तिथे त्यांना काय म्हणत, हे मात्र त्यांनी बायकोला, पुष्पाबाईंनाही, कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दूरच्या छावणीतली पाण्याची बोअर गाड्यांच्या वर्कशॉपशेजारीच होती. चहाला कायम डिझेलचा वास यायचा. जवानांनी ठरवूनच टाकलं, की हा गडी पातेली नीट घासत नाही. नाव पडलं ‘डिझेल’. नानांनी राखेने घासून घासून हात सोलून घेतले, वास काही गेला नाही. शेवटी त्यांनाही वाटू लागलं, आपल्याच हाताला गुण नाही.

यंदा किडन्या अधू झाल्या तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "नोकरीत पाणी कुठलं प्यायचात?" नानांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "संशयाला जागा आहे. पण एकट्याच्या दुखण्यावरून चौकशी कोण करणार? तिथली आणखी माणसं शोधा."

पांगलेली माणसं शोधायची कुठे? तेवढ्यात धुळ्याला माजी सैनिकांचा मेळावा भरला. नाना पहाटेपासूनच तयार. पण मंडपात पाहावं तिकडे पांढरे केस, चेहरा एकही ओळखू येईना. भाषणं आटोपताच ते थेट व्यासपीठावर चढले आणि माईक धरला. पुष्पाबाई खालून म्हणाल्या, "आहो, काय करी राहिनात?"

"मी डिझेल," नाना म्हणाले. "वर्कशॉपजवळच्या लंगरातला, तुमचा स्वयंपाकी. माझा चहा कोणकोण प्यालंय?"

मागच्या रांगेतून धरणगावचे अतिकभाई उठले. "डिझेल्या, जित्ता शे का तू? तुना चहा पिसन मना बठ्ठा जनम गया."

मंडप खदखदून हसला. नाना हसले नाहीत. "अतिकभाई, किडन्या कशा आहेत?"

अतिकभाईंचं हसू ओसरलं. "डायलिसिस चालू शे. तुले कोनी सांगं?"

एवढ्यात "मनं बी तेच शे," म्हणत शिरपूरचे प्रेमराज उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी एक. मग आणखी एक. नाना माईक टाकून जवळजवळ धावतच खाली आले.

"हळू, पडशात," पुष्पाबाई मागून ओरडत होत्या.

"पातेली घासत होतो रे मी," नाना प्रेमराजांना धरून म्हणाले.

"आम्हले काय माहीत, पानीच तसं व्हतं," प्रेमराज म्हणाले, आणि नानांचा हात त्यांनी सोडला नाही.

सगळे मिळून मंडपाच्या कडेला मांडलेल्या आरोग्य तपासणीच्या टेबलाशी गेले. तिथली डॉक्टर म्हणाली, "एकेकाने या."

"नाही बाई," अतिकभाई म्हणाले, "आमचं एकत्रच लिहून घ्या. पाणी एकच होतं."

तिने पुढ्यातला एका माणसाचा फॉर्म बाजूला सारला, कोरा कागद ओढला आणि आणखी खुर्च्या मागवल्या.