पंतप्रधानांनी न केलेली चूक

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि आता ती नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — आणि गेला महिनाभर मला घास गिळवत नाही म्हणून. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई मी, टोकियोत, फुनाबोरीतल्या फ्लॅटमध्ये ताटापुढे बसते आणि वाढून घेतलेलं तसंच डब्यात भरून ठेवते. मुलगी जपानीत विचारते, बरं वाटत नाही का? मी मराठीत सांगते, ॲसिडिटी झालीय गं. ॲसिडिटी कसली डोंबलाची!

गेल्या महिन्यात पॅसिफिकमधल्या एका टिकलीएवढ्या देशाचे पंतप्रधान जपानला आले होते. देशाचं नाव लिहीत नाही. तो इतका लहान आहे की नाव घेतलं की माणूस कळलाच. त्यांच्याबरोबर तिथल्या संसदेच्या सभापती होत्या, सत्तरीच्या, केसांत मोठं फूल माळलेल्या हसऱ्या बाई. आमच्या संस्थेत दोघांची भाषणं होती. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण पंतप्रधान आणि मी कधीकाळी ओसाकात एकाच लॅबमध्ये होतो. मी त्याची सेनपाय, म्हणजे लॅबमधली सीनियर. इथे सेनपायनं धाकट्यांना सांभाळून घ्यायचं असतं. ‘त्याची’ लिहितेय म्हणून रागावू नका. जगासाठी ते पंतप्रधान असतील, माझ्यासाठी तो टेमो. खरं नाव लांबलचक होतं, टेमो आम्ही केलेलं.

आधी तो कसा होता ते सांगू दे. — मुद्द्यावर यायचं टाळतेय, मला कळतंय.

टेमो म्हणजे विसराळूपणाची कमाल. छत्री विसरायचा, पाण्याची बाटली विसरायचा, एकदा तर चक्क सायकल स्टेशनवर विसरून चालत आला. पण प्रवाळ म्हटलं की वेगळाच माणूस. त्याच्या गावापुढच्या समुद्रातले प्रवाळाचे तुकडे त्यानं स्वतः बुड्या मारून, मामाच्या होडीतून गोळा करून आणले होते. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन अख्खे कप्पे त्याचे होते. त्यांच्याकडे तो असा बघायचा जसं आपण लोणच्याच्या बरणीकडे बघतो — हात लावाल तर खबरदार!

आमच्या लॅबच्या दाराशी एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावाचं एक चुंबक. आलात की ‘आत’ या रकान्यात सरकवायचं, निघालात की ‘घरी’. जपानी लॅबमध्ये असतंच हे. शेवटी जो निघेल त्यानं फ्रीझरची दारं बघायची, दिवे घालवायचे, असा नियम. टेमो निघताना चुंबक सरकवायला हटकून विसरायचा. रोज संध्याकाळी मी जाताना त्याचं ‘घरी’ करून टाकायचे. कोणी सांगितलं नव्हतं, आपलं माझं मीच.

आता ऑगस्टमधली ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवसापासून ओबोनची सुट्टी, म्हणजे इथली पितरांची सुट्टी. लॅब बंद राहणार होती. टेमो दुपारीच गेला होता. सपाता फटफट वाजवत, मला हात करून. मी पाहिलं त्याला जाताना. हे नीट लक्षात ठेवा — मी पाहिलं.

बाकीचेही निघाले. शेवटची मीच उरले. नवीन लग्न झालेलं, नवरा टोकियोत, मला शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडायची होती. जाता जाता माझ्या चार नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि दार लोटलं. त्या दाराच्या कडेला बर्फ धरायचा, अंगाचा भार देऊन मूठ खाली ओढावी लागायची. मी कोपरानं ढकललं. एका हातात बॅग होती. मूठ बसली नाही हे मला कळलं होतं का? कळलं होतं हो. ‘बसेल’ असं मनात म्हणून मी धावत सुटले. माझं चुंबक ‘घरी’ केलं. त्याचं करायला त्या दिवशी नेमकी विसरले.

सुट्टीनंतर परत आलो तर फरशीवर पाणी. फ्रीझरचा भोंगा बिघडलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी दुरुस्त केला नव्हता. आतलं सगळं गेलं. माझ्या नमुन्यांची जोडी दुसऱ्या इमारतीत होती. टेमोच्या नमुन्यांना जोडी नव्हती.

सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, ओरडले नाहीत. ते नुसते फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. सगळी चुंबकं ‘घरी’, टेमोचं एकटं ‘आत’, म्हणजे शेवटी निघाला तो टेमोच. सगळे फळ्याकडे बघत होते, मग सगळे त्याच्याकडे. तो फळ्याकडे बघत राहिला, तोंड उघडं. मग म्हणाला, बाटली विसरलो होतो, कदाचित ती घ्यायला परत आलो असेन. आणि माफी मागायला कमरेत वाकला.

मी मिठाची गुळणी धरून उभी. तेवढ्यावर थांबले असते तर मला नुसती भित्री म्हणता आलं असतं. पण दुपारी सेन्सेईंनी मला एकटीला बोलावलं. तो केव्हा गेला, तू पाहिलंस का?

मी म्हणाले, “मी निघाले तेव्हा तो आतच होता.”

झालं. हेच ते. मला वाटलं होतं लिहिताना हात थांबेल — नाही थांबला. कारणं होती माझ्याकडे, कुणाकडे नसतात? ती लिहीत नाही.

त्या संध्याकाळी मी त्याच्यासाठी मुगाची खिचडी घेऊन गेले. बघा माझा निर्लज्जपणा! तो रडत रडत जेवला. शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायला सेन्सेईंचं शिफारसपत्र लागायचं, ते त्यांनी दिलं नाही. मार्चमध्ये तो मायदेशी गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडचा समुद्र तापला आणि गावापुढचे प्रवाळ पांढरे पडून मेले. म्हणजे नमुने पुन्हा आणायची सोयच उरली नाही.

पुढे तो निवडणूक लढला, मंत्री झाला, पंतप्रधान झाला. बातम्या मी वाचत होते. आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं. म्हणायचे, बघ, त्याचं भलंच झालं की! इतकी वर्षं मी याच समाधानावर छान झोपले.

आणि गेल्या महिन्यात तो व्यासपीठावर उभा राहिला आणि म्हणाला, मी राजकारणात आलो कारण मी एक दार नीट लावलं नाही.

मला वाटलं, मला भास होतोय. सभागृह हसलं. तो सांगत गेला — ओसाका, फ्रीझर, फरशीवरचं पाणी. “माझ्या गावचा समुद्र मी माझ्या हातांनी वितळवला,” तो म्हणाला, आणि आता कुणी हसलं नाही. म्हणून आपल्या देशात तो चुका लपवत नाही म्हणे, संसदेत उभं राहून कबूल करतो. मला कायम वाटायचं की त्याला मनातून माहीत असेल. आपण केलं नाही हे माणसाला माहीत असतं ना? नसतं! पाच माणसं गप्प राहून बघत राहिली की नसतं.

मग त्यानं माझ्याकडे हात केला. म्हणाला, त्या दिवशी माझ्याशी एकच माणूस चांगलं वागलं, केतकी सेनपाय. तिनं मला खिचडी आणली. टाळ्या पडल्या. मी उठले. वळून सगळ्यांना वाकून नमस्कारही केला. अगं बाई, कुठल्या तोंडानं केला गं!

चहाच्या वेळी सभापती बाई माझ्याशी गप्पा मारायला आल्या. हसत हसत सांगू लागल्या, आमचे पंतप्रधान एकदा घराबाहेर पडले की दोनदा परत जातात, दार बघायला. मंत्रिमंडळाची बैठक खोळंबते, आम्ही फार चिडवतो त्यांना. मीही हसले. हातातला कप मी टेबलावर ठेवून दिला.

आणि मग निघायची वेळ. गाडीपर्यंत जाताना त्यानं बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं. केस पिकलेत त्याचे. आवाज खाली आणून तोडक्यामोडक्या जपानीत, पूर्वीसारखाच, म्हणाला, “सेनपाय, एक विचारू? कधी कधी मला आठवतं की मी त्या दिवशी दुपारीच गेलो होतो. तुला हात केला होता. तू होतीस तिथे. तुला काही आठवतं?”

वीस वर्षांपूर्वीच्या मुलीला तुम्ही हवं ते म्हणा. घाबरली होती म्हणा, लहान होती म्हणा, मी काही म्हणणार नाही. पण गेल्या महिन्यात तिथे कोण उभं होतं? ना कुणाची शिफारस हवी होती मला, ना कसली परीक्षा. रस्ता मोकळा होता, ऐकायला कुणी नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं — हो टेमो, तू गेला होतास.

मी म्हणाले, “इतकी वर्षं झाली. नाही रे आठवत.”

त्यानं मान हलवली. दोन-तीनदा हलवली.

“म्हणजे मीच,” तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

इथे पाहुण्यांची गाडी वळेपर्यंत कमरेत वाकून उभं राहायची रीत आहे. मी सगळ्यांच्या बरोबर वाकून उभी राहिले. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई माफी मागतेय. मी मागितली नाही.