पट्ट्याचं शेपूट

काशीगावच्या खानावळीत दुपारी माझ्यासमोरच्या बाकावर एक गृहस्थ बसायचे. कमरेच्या पट्ट्याला मोबाइलचं पाकीट, आणि देह असा की शेजारी दुसरा माणूस मावत नसे. नाव मी कधी विचारलं नाही.

खानावळवाल्या मावशी आग्रहाच्या पक्क्या. "घ्या हो, एवढा तरी!" म्हणत भात आणायच्या. हे ताटावर हात आडवा धरायचे, पण मावशी बोटांच्या फटीतून वाढायच्याच. पानात टाकायचं नाही, ही लहानपणची सवय. बिचारे निमूट संपवायचे.

एके दिवशी मात्र बोटं घट्ट मिटलेली, ताटावरचा हात हललाच नाही. गरम भात मनगटावर पडला, तरी नाही.

"मावशी, पोट भरलंय. भूक असती तर मीच मागितला असता."

सगळी खानावळ बघत राहिली. मावशी दोन दिवस फुगून होत्या.

मी विचारलं, "डाएट करताय?"

"छे हो! जेवणाशी माझं भांडण नाही. थांबायला शिकतोय फक्त."

खरंच, सुरमई सुटली नाही, रविवारची खीरही नाही. ते सावकाश चावायचे, आधी काकडी संपवायचे, आणि पोट भरलं की ताटावर हात. हळूहळू पट्ट्याला आत आत नवी भोकं पडली आणि मोकळं टोक शेपटासारखं लोंबायला लागलं.

एका दुपारी ते टोक कापून घेऊनच आले. शिकाऱ्याने वाघाचं शेपूट मिरवावं तसं मावशींपुढे नाचवलं, बाकावर सरकून बसले आणि शेजारची जागा थोपटत गरजले,

"मावशी, इथे आता अजून एक गिऱ्हाईक बसवा!"

मावशींनी हसत मलाच उठवून तिथे बसवलं. ऐसपैस मावलो.