मस्कतच्या शिवेत ठेवलेला नारळ

मागच्या महिन्यात मस्कतमध्ये एका दुपारी माझ्या हातात फक्त तीन तास होते आणि डोक्यात एकच प्रश्न... इथं दोन वर्षं राहायचं की घरी परत जायचं?

आधी थोडं मागचं सांगतो. मी नंदिगड्ड्याकडचा, घाटातल्या जंगलपट्ट्यातला. बारावीच्या वर्षी वर्गात कमी आणि रानातच जास्त होतो. पुढं होमस्टेत कामं केली, राफ्टिंगच्या बोटी ओढल्या, कॅसलरॉकला ट्रेकवाल्यांना वाट दाखवली. सहा महिन्यांच्या वर कुठंच टिकलो नाही.

मावशीचा मुलगा मस्कतला एसी मेकॅनिक आहे. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो म्हणाला, "व्हिजिट व्हिसावर ये. देश बघ, काम बघ." पहिलंच विमान, पहिलाच परदेश... मी आधी देशच बघायला लागलो!

पहिला इंटरव्ह्यू माशांच्या बाजारात बुडाला. बोटीतून माणसाएवढा मासा उतरवत होते, तो बघत उभा राहिलो आणि दोन बस गेल्या. दुसऱ्या ठिकाणी वेळेवर पोचलो, पण त्यांना कॉम्प्युटर येणारा हवा होता. अण्णा वैतागला. "काम शोधायला आलायस का मासे मोजायला?"

तिसरं ठिकाण म्हणजे शहराबाहेरची एक नर्सरी. मॅनेजर केरळचे, साठीचे, शर्टाच्या खिशात कात्री. एका कुंडीत मोठ्या पानांचा अळू ऐटीत उभा होता, म्हणे हॉटेलच्या लॉबीत ठेवायचा. मला हसूच आलं. आमच्याकडं याचे भाऊबंद परसात उगवतात आणि आम्ही त्यांचे कंद उकडून खातो.

पण त्याची पानं पिवळी पडत होती. मी माती उकरून कंद दाखवला, पाणी जास्त झालं होतं. त्यांनी बोटानं माती चाचपली. मग म्हणाले, "दो साल का कॉन्ट्रॅक्ट. छह बजे तक बोलो. दूसरा आदमी भी है." तेव्हा तीन वाजले होते.

दोन वर्षं! विचारून सांगतो म्हणालो आणि बाहेर पडलो.

आमच्या घरी असं मोठं काही असलं की देवाला कौल लावतात. आमचा गुरव भिकोबा देवाच्या दगडाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी बाबांना फोन लावला, म्हणालो, कौल लावून घ्या. नशीब, ते गुरं घेऊन टेकडीवर होते. आमच्याकडं रेंज तेवढी तिथंच मिळते.

पाऊण तासानं बाबांचा फोन आला, धापा टाकत.

"भिकोबा कौल लावायला न्हाई म्हणतोय."

"गुरवच नाही म्हणतोय? का?"

"आपला देव शिवेपतोर बघतो. मस्कत शिवेच्या भायेर. तिथल्या मालकाला आदी नारळ दे, मान दे. त्याला न इचारता हितं परस्पर कसं ठरवायचं, म्हणतोय."

आणि मला एकदम चूक कळली. दुसऱ्या गावच्या रानात शिरताना आम्ही शिवेवर हिरवं पान ठेवतो, आलोय म्हणून सांगतो, मगच पुढं जातो. लहानपणापासून एकदाही चुकलो नाही. आणि इथं बारा दिवस कुणाला न सांगता दुसऱ्याच्या शिवेत हिंडत होतो...

सुपरमार्केटमधून नारळ घेतला. गुळगुळीत सोललेला, शेंडीच नाही! तसाच घेऊन जुन्या शिवमंदिराकडं गेलो. दार बंद, संध्याकाळी उघडणार. परत निघालो तर समुद्राकडच्या बाजारात धुपाचा असा वास सुटला होता की... हो, तिथंही थांबलो. मी तरी काय करू!

नर्सरीत पोचलो तेव्हा सहाला पाच कमी. फाटकाजवळ बोरीचं एक जुनं झाड आहे. त्याच्याखाली नारळ ठेवला, वर त्याचंच एक पान ठेवलं. हात जोडून हळूच म्हणालो, "इथल्या मालका, जो कोण असशील तो... न सांगता आलो, चूक झाली. ठेवलंस तर नीट राहीन. नाही ठेवलंस तर रागावणार नाही."

मागं वळलो तर मॅनेजर उभे.

"ये क्या है?"

मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. शीव, पान, गुरव, सगळं. ते हसले नाहीत. नारळाकडं बघून म्हणाले, "तो मालिक क्या बोला?"

"अभी तक कुछ नहीं बोला."

त्यांनी घड्याळ बघितलं. "छह बज गया. कल सात बजे आओ, पेपर बनाते हैं. और ये नारियल तोड़ना नहीं है, तो मैं करी में डालूँगा."

मी मान हलवली. कशाला हलवली, करीला की कामाला, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

लगेच बाबांना फोन लावला, ते माझ्यासाठी अजून टेकडीवरच थांबले होते.

"दिलास नारळ?"

"दिला. बोरीखाली."

"मग? काय म्हणाला तिथला मालक?"

"उद्या सातला ये म्हणाला."

पलीकडं बाबा खो खो हसले. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! "व्हय? मग झाला की कौल! सातला म्हंजे सातला जा. मासं बघत बसू नको." अण्णानं सगळं कळवलं होतं तर...

नोकरी पक्की झाली, कागदपत्रांसाठी घरी आलो. आता वर्क व्हिसा आलाय, पुढच्या आठवड्यात निघतो. काल भिकोबानं वाटेत अडवलं. "तिथल्याला सांगून आलास, आता हितल्यालाबी सांगून जा."

आज सकाळी आमच्या शिवेवर पान ठेवलं आणि म्हणालो, दोन वर्षांनी येतो. घरातून कितीदा निघालो असेन, पण परत कधी येणार ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं... आज पहिल्यांदा सांगितलं, आणि पाय हलके झाले.