जिथे हशा लावला नाही

हशामास्तरांच्या डोक्यात तो मालिकेतला बाप जायचा. आई तर त्याहून जास्त. स्टुडिओच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून मास्तर बावीस वर्षं कौटुंबिक विनोदी मालिकांना आधीच रेकॉर्ड केलेला हशा चिकटवत आले होते. टोमण्याला खुदखुद, भांडणाला खो खो, कुणी पाय घसरून पडलं की सातमजली. स्वतः मास्तरांना हसताना मात्र स्टुडिओत कुणी पाहिलं नव्हतं.

"याला बाप म्हणायचं?" ते पडद्यालाच विचारत. "पोरीची परीक्षा विसरतो, पोराला चारचौघांत बावळट ठरवतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत दारावर टकटक करून सॉरी म्हटलं की झाला थोर. आणि ती बाई. पोरं रडवेली झाली तरी हिची जीभ काही थांबत नाही." ऐकायला खोलीत कुणी नसे. असतं तरी मास्तर थांबले नसते.

त्या आठवड्यात तर ते जरा जास्तच चिरडीला आले होते. मुलगी बाळंतपणाची रजा संपवून सोमवारी कामावर जाणार होती. सहा महिन्यांची नात दिवसभर आजोबांकडे ठेवायची की पाळणाघरात, हे शनिवारी येऊन सांगते म्हणाली होती. बायको गेल्यापासून मास्तरांना घर खायला उठायचं. होकार गृहीत धरून त्यांनी कामाचे तास निम्मे करून घेतले होते आणि टेबलाच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या बांधल्या होत्या.

शुक्रवारी नवा भाग समोर आला. त्यात बाप लेकीची डायरी पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचतो. पोरीचा चेहरा पडतो. कागदावर लिहिलं होतं, मोठा हशा, सात सेकंद. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ते सात सेकंद कोरडे ठेवले.

"मास्तर, तुम्हाला हशा लावायला ठेवलंय, निवाडा करायला नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"मग दुसरा माणूस बघा. पोरीची लाज काढणाऱ्या बापाला माझ्याकडून हशा मिळणार नाही."

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी दिग्दर्शकाने स्वतः बसून हशा लावला, तोही अर्धा सेकंद उशिरा. मास्तर तावातावाने घरी गेले, पण मनातून स्वतःवर भलतेच खूश होते.

शनिवारी मुलगी आली. नातीला मांडीवर घेऊन मास्तरांनी सगळा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

"बाबा, माझी वही आठवते?" तिने विचारलं.

"कुठली?"

"नववीतली. आत्या जेवायला आली होती. तुम्ही माझ्या कविता वाचून दाखवल्यात, माझ्या आवाजाची नक्कल करत. पहिले तुम्हीच हसलात. मग आई, मग सगळे."

मास्तरांना खरोखरच एवढंच आठवत होतं की त्या दिवशी जेवण छान रंगलं होतं. "अगं, गंमत होती ती. घरातल्या घरात."

"तो टीव्हीवरचा निदान दारावर टकटक तरी करतो."

"त्याला कुणीतरी लिहून देतं. खरा बाप असा माफ्या मागत फिरत नाही."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मुलगी थांबली होती. नात आजोबांच्या चष्म्याशी झोंबत होती. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द मास्तरांनी शेकडो वेळा मागेपुढे करून ऐकला होता. पण आपल्याच घरात, आपणच वाढवलेल्या पोरीने आपल्याला त्या भिकार माणसाच्या खाली बसवावं, हे त्यांना सोसेना.

"एवढंसं मनात धरून बसलीस इतकी वर्षं?" ते म्हणाले.

तिने बाळाच्या मुठीतून चष्मा सोडवला, तो त्यांच्या हातात दिला आणि बाळाला उचललं.

"सोमवारपासून पाळणाघर," दारात ती म्हणाली. "घरातून मी हो म्हणायलाच निघाले होते, बाबा."